हीटरमधून गार वारा, काटा मात्र मध्यावर: कूलंटमध्ये हवा धरली आहे का?

जांबोटीकर (धागाकर्ता) · सोमवार, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. गाडी २०१३ ची, १.२ लिटर पेट्रोल, एक लाख चार हजार किलोमीटर झालेली. रेडिएटर (इंजिनचं गरम पाणी गार करणारी पुढची जाळी) झिरपत होता म्हणून मे महिन्यात बदलून घेतला, त्याच वेळी कूलंट (इंजिन गार ठेवणारं रंगीत पाणी) नवं भरलं. काम बेळगावातल्या एका गॅरेजात झालं, नाव इथे महत्त्वाचं नाही. त्यानंतर गाडी रोज ऑफिसला नेली. तापमानाचा काटा कायम मध्यावर, तक्रार काही नाही.

काल आई-बाबांना घेऊन चोर्ला घाटाच्या वाटेने गोव्यातल्या साखळीला निघालो होतो. किणये ओलांडेपर्यंत भुरभुर होती, जांबोटीपासून मुसळधार. कणकुंबीजवळ तर धुकं आणि पाऊस एकत्र, काच आतून पांढरी झाली. एसी लावला तर काच साफ होते, पण आई मागे कुडकुडायला लागली. म्हणून वर्षातून पहिल्यांदाच हीटरचं बटण लाल बाजूला फिरवलं. वारा गारच. चढावर गाडी जोर करते तेव्हा कोमट, उतारावर किंवा थांबल्यावर पुन्हा गार. डॅशबोर्डच्या मागून तांब्यातून पाणी ओतल्यासारखा गुडगुड आवाज. काटा मात्र मध्यावरून हलला नव्हता. धीर झाला नाही, कणकुंबीहूनच परत फिरलो.

आज सकाळी इंजिन गार असताना रेडिएटरची कॅप उघडली तर आत पाणी दिसेना. तेच कूलंट ओतलं, पाऊण लिटर मावलं! गाडीखाली रात्रभर पुठ्ठा ठेवला होता, त्यावर थेंब नाही. रेडिएटरला पाइपाने जोडलेली बाजूची बाटली, जिच्यात जादाचं कूलंट साठतं, ती भरलेली आहे. ओळखीच्या एकाने फोनवर सांगितलं की हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ठोकळा यांच्यामधलं सील) गेलं असणार, अठरा हजार तरी धरून चाल.

हवा अडकली असेल तर ती घरी काढता येते का? आणि हेड गॅस्केटचं कसं ओळखायचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

हलशीकर · सोमवार, रात्री ९:५५

हीटरने तुम्हाला वेळेवर सांगितलं असं समजा. आपल्याकडे हीटर लावतो कोण? डिसेंबरातल्या पहाटे चार दिवस आणि पावसाळ्यात काच धुरकटली तर. त्यामुळे हवा धरलेली गाडी सात-आठ महिने तशीच फिरते आणि मालकाला पत्ता नसतो.

हीटरच्या आत एक छोटा रेडिएटर असतो. बऱ्याच गाड्यांत तो उंचावर आणि पाण्याच्या वाटेच्या टोकाला बसवलेला असतो. सिस्टीममध्ये हवा असली की ती तिथे जाऊन बसते. रेस केल्यावर पंप जोरात फिरतो, थोडं गरम पाणी तिथवर पोचतं, म्हणून कोमट लागतं. स्लोवर आलं की पुन्हा हवा. तुमचं वर्णन तंतोतंत तेच आहे.

तवंदी_घाट · सोमवार, रात्री १०:३०

मी निपाणीचा, भाड्याच्या गाड्या चालवतो. सोपा उपाय सांगतो. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाका आणि साधं पाणी भरा. आमच्या जुन्या गाड्यांना वर्षानुवर्षं असंच केलंय, तवंदीचा घाट भरल्या गाडीने चढतात. हवा अडकायला जागाच राहत नाही.

उद्यमबाग_पाना · सोमवार, रात्री ११:१०

तवंदीवाले दादा, तुमचा अनुभव मोठा हाय, पण हे या गाडीला सांगू नगा. जुन्या डिझेलला खपून गेलं. आताच्या पेट्रोल इंजिनला ठरलेली गरमी लागती. थर्मोस्टॅट काढला की इंजिन गारच ऱ्हातंय, कॉम्प्युटरला वाटतंय गाडी अजून थंड हाय, आणि तो पेट्रोल जास्त सोडत ऱ्हातो. काही इंजिनांत थर्मोस्टॅटच आडवाट बंद करतोय. तो काढला तर पाणी रेडिएटरात न जाता आडवाटेनंच फिरतंय, आणि गाडी उलट जास्त तापती. आणि साधं पाणी म्हणजे आपल्याकडं बोअरचं. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतोय तोच हीटरच्या बारीक नळ्यांत बसतोय. वाटेत अडकला तर पिण्याचं पाणी ओतून घर गाठा, पण घरी आल्यावर ते काढून टाका.

जांबोटीकर, हेडला हात लावायच्या आधी थांबा. तुम्ही एक गोष्ट लिहून गेलाय, पण तिच्याकडं बघितलं न्हाई. रेडिएटरात पाणी कमी हुतंय आणि बाटली भरलेली हाय म्हणता. किती भरलेली? गॅरेजातनं आणली तेव्हा कुठवर होती आणि आज कुठवर हाय? गार इंजिनवर बघून सांगा.

हिडकल_मास्तर · मंगळवार, सकाळी ६:४५

मी शाळेत विज्ञान शिकवतो, गाडीचं काम येत नाही. पण काटा मध्यावर का राहिला, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण याच फसवणुकीत इंजिनं जातात.

तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच खरं सांगतो. त्याच्याभोवती हवेचा फुगा आला तर तो हवेचं तापमान सांगतो. पाण्याच्या तुलनेत हवा उष्णता वाहून नेण्यात वीस-पंचवीसपट कमी पडते. म्हणजे हेडचा धातू भाजत असतो आणि सेन्सर निवांत. पंखाही त्याच सेन्सरच्या भरवशावर लागतो, त्यामुळे तोही उशिरा लागतो किंवा लागतच नाही. त्यात आजकालच्या बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो. पाऊणशे अंशांपासून शंभराच्या आसपासपर्यंत तो हलत नाही, नाहीतर लोक उगाच घाबरतील. तो हलेपर्यंत उशीर झालेला असतो.

पंपाचंही तसंच. हा पंप पाणी भिरकावून पुढे ढकलतो. त्याच्या पात्यांत हवा आली की तो नुसताच फिरतो, ढकलत काही नाही.

चिकोडी_डिझेल · मंगळवार, सकाळी ८:०५

मास्तर, छान सांगितलंत. ब्लूटूथचं एक छोटं यंत्र मिळतं, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचं, मोबाइलवर कूलंटचं खरं तापमान अंशांत दिसतं. मी ते लावूनच घाट चढतो. अर्थात सेन्सरच हवेत असेल तर तेही खोटंच दाखवणार, पण आकडा अचानक दहा-पंधरा अंश वर-खाली उडायला लागला तर हवा आहे असं समजावं.

माझा एक वेगळा प्रश्न. माझ्या गाडीला रेडिएटरवर कॅपच नाही, फक्त बाटलीला आहे. तिची हवा कशी काढायची?

जांबोटीकर · मंगळवार, रात्री ८:४०

सगळ्यांचे आभार. उद्यमबागवाले मामा, तुमच्या प्रश्नाने मी चक्रावलोय. बाटलीचा फोटो मे महिन्यातल्या बिलासोबत काढलेला सापडला. तेव्हा पातळी मिनच्या जरा वर होती. आज मॅक्सच्या वर बोटभर आहे. मी बाटलीत कधीच काही ओतलेलं नाही. ओतलं ते रेडिएटरातच: जूनमध्ये एकदा सहज कॅप उघडली तेव्हा पाव लिटरच्या आत, पंधरा दिवसांनी तेवढंच, आणि काल पाऊण लिटर. बाटली भरलेली दिसायची म्हणून मला वाटायचं, साठा भरपूर आहे, काळजी नाही.

उद्यमबाग_पाना · मंगळवार, रात्री ९:३०

मग सापडलं बघा. हेड बिड काही न्हाई, बहुतेक. तुमची गाडी पाणी बाटलीत टाकती, पण बाटलीतनं परत घेत न्हाई.

नीट समजून घ्या. रेडिएटरची कॅप म्हणजे नुसतं टोपण न्हवं. तिच्यात दोन वॉल, म्हणजे झडपा, असत्यात. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा बघा, काहींवर १०८ लिहिलेलं असतंय, ते किलोपास्कल. गाडी तापली की कूलंट फुगतंय, दाब त्या आकड्याच्या वर गेला की मोठा वॉल उघडतोय आणि जादाचं पाणी बारीक पाइपातनं बाटलीत जातंय. वर हवा असली तर आधी ती हवा जाती, बाटलीत बुडबुडे येत्यात. गाडी गार झाली की आतलं पाणी आकसतंय, ओढ लागती, मग मधला छोटा वॉल उघडून बाटलीतलं पाणी परत रेडिएटरात. हवा बाहेर, पाणी आत. दोन-चार दिवस गाडी चालली की उरलीसुरली हवा अशी आपोआप निघून जाती. चांगल्या गाडीला हवा काढायला माणूस लागत न्हाई, ती स्वतःच काढती.

पण हे कधी चालणार? बाटलीतल्या पाइपाचं टोक पाण्यात बुडलेलं असंल तर. बऱ्याच बाटल्यांत टोपणाच्या खालच्या बाजूला एक नळी असती, बुडापर्यंत गेलेली. बाटली धुताना ती नळी निसटून पडती, आणि कुणाच्या ध्यानात येत न्हाई. मग तापल्यावर पाणी बाटलीत पडणार, पण गार झाल्यावर पाइप ओढणार ती वरची कोरडी हवा. रोज हवा बाहेर, हवा आत. तुम्ही रेडिएटरात ओतायचं, ती बाटलीत टाकणार. बाटली चढती, रेडिएटर उतरतोय. तुमचा हिशेब बसतोय न्हवं?

उद्या सकाळी गार गाडीवर बाटलीचं टोपण उघडा आणि खाली नळी हाय का बघा. त्याच बरोबर बाटलीपासून रेडिएटरच्या तोंडापर्यंतचा पाइप हातानं चाचपा, कुठं चीर हाय का, उंदरानं कुरतडलाय का. चिरेतनं पण हवाच ओढली जाती. आणि वरचा जाड पाइप सकाळी चपटा झालेला दिसला तर समजायचं की कॅपचा छोटा वॉल अडकलाय.

शहापूरची_लेक · बुधवार, सकाळी ७:१५

उद्यमबाग मामा, किती सोपं करून सांगितलंत! मीही आज सकाळी जाऊन आमच्या गाडीचं टोपण उघडून पाहिलं. नळी आहे.

जांबोटीकर · बुधवार, सकाळी ७:५०

मामा, नळी नाही!! टोपणाच्या खाली नुसतं बोंडुक आहे. बाटली काढून उजेडात धरली तर ती नळी बुडाशी आडवी पडलेली, गाळात. धुताना निसटली असणार. म्हणजे मे महिन्यापासून गाडी रोज रात्री हवा पीत होती. मी दोनदा ओतलं आणि दोन्ही वेळा नीट विचार केला नाही.

नळी कडक झाली आहे, बसवली तरी सैल राहते. आता पुढे काय करू, क्रमाने सांगाल का? रविवारी पुन्हा साखळीला जायचं आहे.

उद्यमबाग_पाना · बुधवार, दुपारी १:३०

जुनी नळी टाकून द्या. तेवढ्याच आतल्या व्यासाचा रबरी पाइप हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतोय, वीस-तीस रुपयांचं काम. पेट्रोलला चालणारा घेतला तर गरम कूलंटला पण टिकतोय. बुडापासून बोटाच्या पेराएवढा वर ठेवा, टोक तिरकं कापा, म्हणजे तळाला चिकटून बंद हुणार न्हाई. बाटली धुऊन गाळ काढा.

आता हवा काढायची. मी गॅरेजात करतो तसंच सांगतो.

इंजिन पूर्ण गार पाहिजे, रात्रभर उभी असलेली गाडी सगळ्यात चांगली. गरम असताना कॅपला हात लावायचा न्हाई, फडकं धरून पण न्हाई. दाब गेला की आतलं पाणी क्षणात उकळून तोंडावर येतंय. मी माझ्या डोळ्यांनी एका पोराचा हात भाजलेला बघितलाय. दुसरं, पंखा विजेवर चालतोय. काही गाड्यांत किल्ली काढली तरी तापल्यावर एकदम सुरू हुतोय. बाही आणि ओढणी लांब ठेवा.

घरासमोर चढ असला तर गाडीचं तोंड वर करून लावा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. हवा कायम उंच जागा धरती, म्हणून रेडिएटरचं तोंड ही सगळ्यात उंच जागा व्हायला पाहिजे. त्यासाठी मी एक युक्ती करतोय. एक लिटरची पाण्याची बाटली बुडाकडनं कापायची, तोंडाला जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळायचा आणि रेडिएटरच्या तोंडात घट्ट बसवायची. ती अर्धी भरून ठेवायची. आता पाण्याची पातळी इंजिनच्या सगळ्या भागांच्या वर आली. हवेला त्या बाटलीतनंच बाहेर यायला लागणार.

हीटर पूर्ण गरमवर, पंखा एकवर. कूलंट हळू ओता. घाईनं ओतलं की तोंडाशीच हवा कोंडती. ओतताना वरचा आणि खालचा जाड पाइप हातानं दाबा, सोडा, गाईचं आचळ पिळल्यागत. बदाबदा बुडबुडे येतील. थर्मोस्टॅटच्या घरावर किंवा हीटरच्या पाइपावर एअरचा स्क्रू असला तर तो दोन आटे सैल करा, फुसफुस थांबून पाण्याची सलग धार आली की बंद. प्लास्टिकचा असंल तर जपून, जुना झाला की मान मोडती.

मग इंजिन चालू करा, कॅप उघडीच, कापलेली बाटली जागेवर. दहा-बारा मिनिटं स्लोवर राहू द्या. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतोय. त्या वेळेला तुम्हाला कळणार: बाटलीतली पातळी एकदम खाली जाईल, वरचा पाइप हाताला चटका देईल, मग खालचा पण तापंल. खरी अडकलेली हवा इथनंच सुटती, त्याच्या आधी जे केलं ते तयारी. आता मधनंमधनं रेस दोन हजार-अडीच हजारावर अर्धा मिनिट धरा, सोडा. रेस सोडल्यावर बुडबुडे येत्यात. पातळी उतरली की भरत ऱ्हावा. पंखा लागून बंद, पुन्हा लागून बंद, असं दोनदा होऊ द्या. हीटर स्लोवर पण चटका देणारा गरम लागला पाहिजे. तो गरम झाला न्हाई तर काम झालेलं न्हाई, मग काटा काही का म्हणू दे.

इंजिन बंद करा, गार होऊ द्या. मग कापलेली बाटली काढा, रेडिएटर तोंडापर्यंत भरा, कॅप लावा. बाजूची बाटली मिन आणि मॅक्सच्या मधोमध भरा. आणि बाटलीवर मार्करनं रेघ मारा. रेघ विसरू नगा.

तवंदी_घाट · बुधवार, दुपारी २:२०

मामा, थर्मोस्टॅटचं पटलं. आमच्या एका नव्या गाडीचाही काढला होता, ती पेट्रोल जास्त पिते म्हणून सगळे इंजेक्टर धुऊन झाले. आता परत बसवून घेतो. बसवताना काही बघायचं असतं का?

उद्यमबाग_पाना · बुधवार, दुपारी २:४५

असतंय दादा. थर्मोस्टॅटच्या चकतीवर एक बारीक भोक आणि त्यात हलणारी पिन असती. ती घड्याळातल्या बाराच्या जागी, म्हणजे वर आली पाहिजे. हवा त्या भोकातनं पुढं सरकती. खाली करून बसवला तर मागं हवा कोंडून ऱ्हाती, आणि तुम्ही कितीबी वेळा हवा काढा, गाडी तापतच ऱ्हाणार. ज्यांच्यात पिन न्हाई त्यांचं वेगळं, पण पिन असली तर वरच.

हिडकल_मास्तर · बुधवार, रात्री ९:००

कॅपचा आकडा वाचून मुलांसाठी एक उदाहरण तयार केलं, इथेही देतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच. इथे उघड्या पातेल्यात पाणी साधारण साडेसत्याण्णव अंशांनाच उकळतं. निम्मं ग्लायकॉल, निम्मं डिस्टिल्ड पाणी असं मिश्रण घेतलं तर उकळबिंदू काही अंश वर जातो. त्यावर १.१ बारची कॅप घट्ट बसली तर तोच सव्वाशे अंशांच्या पुढे जातो. म्हणजे घाट चढताना जी सुरक्षितता मिळते त्यातला मोठा हिस्सा त्या छोट्या कॅपच्या स्प्रिंगचा आहे. रबर फाटलेली कॅप घेऊन चोर्ला चढणारा माणूस उघड्या पातेल्यानेच चढतो आहे असं म्हणायला हरकत नाही.

जांबोटीकरांची बाटली का चढली याचंही गणित बसतं. असं मिश्रण २० अंशांवरून ९० पर्यंत तापलं की त्याचं आकारमान सुमारे ४ टक्के वाढतं. साडेचार लिटर भरत असेल तर १८० मिलिलिटर. दोन वेळा ओतलेलं 'पाव लिटरच्या आत' म्हणजे तेवढंच!

शहापूरची_लेक · गुरुवार, सकाळी १०:२०

मास्तर, मग एक शंका विचारते. गेल्या वर्षी आमच्या गाडीचं कूलंट व्हॅक्यूमच्या यंत्राने भरलं. कॉम्प्रेसरची हवा लावून आधी आतली सगळी हवा खेचून घेतात, पाइप चपटे होतात, मग कॉक उघडला की कूलंट आपोआप आत जातं. खूप स्वच्छ काम, बुडबुड्यांची वाट बघायला नको. पण यंत्राच्या पुस्तिकेत काटा २६-२७ इंचांवर यायला हवा असं होतं आणि आमचा २४ वर थांबला. तिथला मुलगा म्हणाला, कुठेतरी गळती आहे. तासभर शोधली, सापडली नाही. शेवटी तसंच भरलं आणि गाडी आजवर उत्तम आहे. मग तो काटा का थांबला?

हिडकल_मास्तर · गुरुवार, संध्याकाळी ५:४०

ताई, त्या मुलाची चूक नाही, पुस्तिका समुद्रसपाटीच्या हिशेबाने लिहिलेली असणार. तिथे हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे ३० इंचांइतका असतो. बेळगावात तो साधारण २७ इंचच आहे. सगळीच्या सगळी हवा काढली तरी इथे काटा २७ च्या पुढे जाऊच शकत नाही. तिथले २७ म्हणजे आपले २४. गळती बघायची तर काटा किती वर गेला हे न बघता, कॉक बंद केल्यावर तो जागेवर थांबतो का हे बघायचं.

उद्यमबाग_पाना · गुरुवार, रात्री ९:१५

मास्तर, हे मला आज कळलं. आमच्या शेजारच्या गॅरेजात पण ते यंत्र हाय आणि तिथंबी हीच भानगड. उद्या जाऊन सांगतो त्यांना.

चिकोडीवाले, तुमचं ऱ्हाऊन गेलं. तुमच्या गाडीत बाटलीच दाबाखाली असती, ती इंजिनच्या वर बसवलेली. रेडिएटरच्या आणि हेडच्या वरनं एकेक बारीक पाइप बाटलीच्या वरच्या अंगाला येतोय. हवा त्यातनं येऊन बाटलीत सुटती, आणि खालच्या जाड पाइपानं नुसतं पाणी परत जातंय. हवा काढायची रीत तीच, फक्त ओतायचं बाटलीत. गार इंजिनवर टोपण काढून गाडी चालू करा आणि थोडी रेस करून बघा, बारीक पाइपातनं बाटलीत बारीक धार पडती का? काही गाड्यांत थर्मोस्टॅट उघडेपर्यंत धार येत न्हाई, थोडी वाट बघा. तरीबी न्हाई आली तर त्या पाइपाचं बोंडुक गाळानं बुजलंय. पातळ तारेनं मोकळं करा. पुष्कळ लोक पंप बदलत्यात आणि दुखणं तिथं असतंय.

हलशीकर · गुरुवार, रात्री १०:००

हेड गॅस्केटबद्दल जांबोटीकरांनी विचारलं होतं ते राहूनच गेलं. मला तो अनुभव आला आहे, म्हणून लिहितो. हवा अडकलेली असेल तर बुडबुडे वीसेक मिनिटांत कमी होत जातात आणि थांबतात. गॅस्केट गेलं असेल तर ते थांबतच नाहीत, कारण सिलिंडरमधला गॅस सतत पाण्यात येत असतो. सकाळी गार गाडी चालू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत वरचा पाइप दगडासारखा कडक झाला तरी तेच. एवढ्या लवकर पाणी तापून दाब येऊच शकत नाही. खात्री करायची तर निळ्या रंगाचं एक द्रव मिळतं, रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून खेचायची. पेट्रोल गाडीत ते पिवळं झालं तर ज्वलनाचा वायू पाण्यात येतोय.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली म्हणून लगेच घाबरू नका. पावसाळ्यात गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर नुसत्या ओलाव्यानेही ती धरते. माझ्या वेळी एका ठिकाणी तेवढ्या सायीवर हेड उतरवलं होतं. गॅस्केट शाबूत निघालं.

शहापूरची_लेक · शुक्रवार, सकाळी ८:३०

एक विनंती सगळ्यांना. जुनं कूलंट अंगणात, गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू नका. इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. आमच्या गल्लीतलं एक पिल्लू असंच गेलं, दोन दिवस त्याला पाणी पाजत बसले होते, काही उपयोग झाला नाही. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या दारात जनावरं आहेत. सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, उरलेलं झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजात द्या. आणि लहान मुलांच्या हाताला लागेल अशा सरबताच्या बाटलीत तर कधीच ठेवू नका.

चिकोडी_डिझेल · शुक्रवार, दुपारी १२:१०

ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. गोठ्याशेजारीच गाडी लावतो, माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

मामा, बारीक पाइपाचं बोंडुक बुजलेलंच निघालं. तारेने मोकळं केलं, आता धार पडते. आणखी एक: हिरव्यात लाल कूलंट ओतलं तर चालतं का?

उद्यमबाग_पाना · शुक्रवार, दुपारी १:४०

रंगावर जाऊ नगा. रंग कंपनी तिच्या मनानं घालती. आत कुठलं रसायन हाय ते डब्यावर लिहिलेलं असतंय, गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं तेच घ्या. दोन जातींची मिसळ झाली की गंज धरायचा थांबवणारा गुण जातोय, कधी कधी गाळ धरतोय. आधी काय भरलंय माहीत नसंल तर सगळं काढून, डिस्टिल्ड पाण्यानं धुऊन, नवं भरा. घट्ट कूलंट घेतलं तर निम्मं डिस्टिल्ड पाणी मिसळायचं, तयार घेतलं तर एक थेंब पाणी न्हाई.

जांबोटीकर · रविवार, रात्री ९:३०

मंडळी, सविस्तर लिहितो.

गुरुवारी संध्याकाळी नळी आणली, बसवली. शुक्रवारी पहाटे साडेपाचला घरासमोरच्या चढावर गाडी लावली. बाबा बॅटरी धरून उभे होते. मामांनी सांगितलं तशी कापलेली बाटली बसवली. पाइप दाबायला लागलो तेव्हा पहिल्या पाच मिनिटांतच एवढे बुडबुडे आले की बाबा म्हणाले, 'अरे, आत हंडाच रिकामा होता की!' अकराव्या मिनिटाला पातळी एकदम खाली गेली आणि एक मोठा ढेकर आल्यासारखा आवाज झाला. त्यानंतर डॅशबोर्डमागची गुडगुड बंद. एकूण ४०० मिलिलिटर मावलं. पंखा दोनदा लागला. बुडबुडे अठराव्या मिनिटाला थांबले ते थांबलेच. काल सकाळी गार गाडी चालू करून वरचा पाइप दाबून पाहिला, पाच मिनिटं मऊच होता. हलशीकर, तुमच्यामुळे अठरा हजारांची धास्ती गेली.

बाटलीच्या रेघेचा हिशेब: शुक्रवारी सकाळी रेघेवर. संध्याकाळी ऑफिसहून आल्यावर गरम असताना रेघेच्या वर दीड बोट. शनिवारी सकाळी गार असताना रेघेच्या खाली अर्धं बोट. म्हणजे गाडीने पाणी परत घेतलं, आणि उरलेल्या हवेच्या जागी थोडं जास्तच घेतलं. बाटलीत तेवढं भरलं. आज सकाळी बरोबर रेघेवर.

आज पुन्हा तीच वाट धरली. जांबोटीपासून पाऊस, कणकुंबीला गेल्या रविवारसारखंच धुकं. हीटर लावला, काचेकडे एक आणि पायाकडे एक. थांबलेल्या गाडीतही हाताला चटका बसेल एवढा गरम वारा. काच तीन-चार मिनिटांत साफ झाली. चोर्ला उतरून केरीपर्यंत गेलो, साखळीला देवदर्शन झालं, येताना पूर्ण घाट चढून आलो. चिकोडीवाल्यांनी सांगितलेलं यंत्र शेजाऱ्याकडून मागून लावलं होतं. चढावर आकडा ९१ ते ९६ मध्ये, एकदाही उडाला नाही. आईने कणकुंबीच्या अलीकडेच शाल काढून मांडीवर ठेवली.

मामा, आता रोज कॅप उघडून बघत जाऊ का?

उद्यमबाग_पाना · रविवार, रात्री १०:०५

नको. प्रत्येक वेळी उघडलं की थोडी हवा तुम्हीच आत घालता. कॅप आता बंदच ऱ्हाऊ दे. पंधरा दिवस रोज सकाळी बाटलीवरची रेघ बघा, मग आठवड्यातनं एकदा. रेघेच्या खाली गेलं तर इथं लिहा. आणि ती कॅप किती जुनी हाय? रेडिएटर बदलला तेव्हा नवी दिली होती का जुनीच लावली?

जांबोटीकर · रविवार, रात्री १०:२०

बिलात कॅप नाही. म्हणजे जुनीच. उद्या ऑफिस सुटल्यावर उद्यमबागेत येतो, आकडा ०.९ आहे.